दीड तासाचे नागपूर

शनिवार, दिनांक १७ जानेवारी २०२६. पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी मी पनवेलच्या घराला कुलूप लावले. हातात मातीचे रिकामे मडके होते आणि खांद्याला पाल्याची पिशवी. त्याच संध्याकाळी ते कुलूप उघडायचे, असे ठरवून निघालो होतो. नागपूरला जाऊन त्याच दिवशी परतणे ही गोष्ट माझ्या पिढीला सांगूनही खरी वाटली नसती. मला ती करून दाखवायची होती.

माझा मुलगा निखिल नागपुरात नोकरीला आहे. त्याची सासुरवाडीही तिथलीच. त्याची मुलगी इरा चार वर्षांची. ती तिथे जन्मली, तिथे चालायला लागली आणि बोलायलाही तिथल्यासारखीच शिकली. तिच्या आईचे वडील, म्हणजे माझे व्याही देवरावजी, एक गल्ली सोडून राहतात. ते तिला रोज बालवाडीत सोडतात आणि रोज परत आणतात. मी रविवारी फोनवर दिसतो. पत्नी गेल्यापासून तो फोनही मीच धरतो, त्यामुळे बहुधा माझे कपाळच दिसते.

मला देवरावजींचा हेवा वाटतो. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही. पुढचा सर्व मजकूर ते गृहीत धरून वाचावा.

माझी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. नकाशावरचे अंतर आणि बांधावरून चालताना पडणारे अंतर यांत फरक असतो, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो. नागपूर पूर्वी कल्याणहून रात्रभराच्या गाडीवर होते. विमानाने जायचे तर मुंबईच्या जुन्या विमानतळापर्यंतच इतका वेळ जाई की पुढचे उड्डाण क्षुल्लक वाटे. डिसेंबरअखेर आमच्याकडच्या नव्या विमानतळावरून विमाने सुटू लागली. आकाशमार्गे अंतर सातशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाण दीड तासाचे. कामोठ्याहून ठाण्याला जाणारा माणूस सकाळच्या गर्दीत कधीकधी याहून जास्त वेळ रस्त्यात असतो. हे मी निखिलला फोनवर सांगितले होते. देवरावजींनाही सांगितले होते. कदाचित एकापेक्षा अधिक वेळा.

निमित्त इराच्या बोरन्हाणाचे होते. काम वेगळे होते. निखिलच्या कंपनीचे नवे कार्यालय आमच्या बाजूला निघत होते आणि बदली घेणार का, याचे उत्तर त्याला सोमवारी द्यायचे होते. ये, असे मला समोर बसून सांगायचे होते. अशा गोष्टी मला फोनवर सांगता येत नाहीत.

पाला

मडक्याचा खुलासा केला पाहिजे. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, मधूनमधून ओवा आणि जाडे मीठ. तोंड पुन्हा पाल्याने गच्च बंद करायचे. मडके जमिनीवर उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा पाल्याच्या वाफेवर शिजतात आणि त्या पाल्याचा वास दुसऱ्या कशालाही येत नाही. बांधावर आपोआप उगवणारे हे झुडूप नागपुरात कोणाला ठाऊक नव्हते. म्हणूनच मी पोपटी निवडली. देवरावजी इराला संत्र्याच्या बागेत नेतात, हुरडा खायला घालतात. हे एक त्यांच्याजवळ नव्हते.

पाला आणि शेंगा आदल्या दिवशी चिरनेरच्या बळारामाने दिल्या. त्याच्या वडिलांची जमीन मी एके काळी मोजली होती. तेव्हापासून तो मला साहेब म्हणतो आणि माझी थट्टाही करतो. पोपटी विमानात बसणार, हे ऐकून तो बराच वेळ हसत राहिला. मग पिशवीचे तोंड बांधताना म्हणाला, "पाला न्यावा, साहेब. झार नको नेव. तिकरं झार लागला तं आमाला कोन इचारील?"

झाड नेऊ नये, हे त्याचे बोलणे मला पूर्णपणे पटले.

विमानतळ

भाड्याच्या गाडीने अर्ध्या तासात पोहोचलो. सर्व काही नवे होते. कर्मचारीही नवे असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. तपासणीच्या पट्ट्यावरून मडके पुढे गेले आणि पट्टा थांबला. तिथल्या बाईंनी ते दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिले. पिशवी उघडली तेव्हा वास सुटला आणि त्या मागे सरकल्या. हा औषधी पाला आहे काय, असे त्यांनी हिंदीतून विचारले. मी म्हटले, भाजी आहे. भाजी वाटत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. शेवटी त्यांनी एका सहकाऱ्याला बोलावले. तो अलिबागकडचा निघाला. त्याने पिशवीत न पाहताच, केवळ वासावरून काय आहे ते सांगितले. पिशवी परत देताना एवढेच म्हणाला, "या वर्षी जमलंच नाय खायला." मी त्याला एक शेंग देऊ केली. कामावर असताना घेता येत नाही, असे म्हणून त्याने ती परत केली.

विमानात मडके वरच्या कप्प्यात ठेवावे, असा आग्रह झाला. मी नकार दिला. ते समोरच्या आसनाखाली बसले आणि माझे पाय दीड तास त्याच्या दोन्ही बाजूंना राहिले.

उड्डाण झाले तेव्हा खाली खाडी दिसली, कांदळवन दिसले, उलव्याच्या अर्ध्या बांधलेल्या इमारती आणि त्यांवरच्या उभ्या क्रेन. धावपट्टीखाली गेलेल्या काही जमिनी मी तरुणपणी साखळी ओढून मोजल्या होत्या. एका शेताला अख्खी सकाळ लागायची. विमानाने त्या सर्व शेतांवरून जायला घेतलेला वेळ मोजण्यासारखा नव्हता. मग कर्नाळ्याचा सुळका बाजूला सरकला, ढग आले आणि पाहण्यासारखे काही उरले नाही. चहा सांगितला. तो कागदी पेल्यात आला आणि संपेपर्यंत विमान उतरू लागले होते.

नागपूर

तिथली थंडी कोरडी आहे. आमच्याकडे थंडीतही हवेला खाडीचा ओलावा असतो. तिथे ओठ फुटतात. रस्ते रुंद, झाडे मोठी आणि माणसांना घाई कमी. मला शहर आवडले. आवडू नये अशी इच्छा होती.

देवरावजी स्वतः गाडी घेऊन आले होते. विदर्भात व्याह्याला इवाई म्हणतात. त्यांनी मडके माझ्या हातातून घेण्याचा प्रयत्न केला. मी ते दिले नाही.

"या इवाईजी. किती वेळ लागला?"

"दीड तास."

"आन् घरून?"

मी निघाल्याची वेळ सांगितली. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिले. दहा वाजून गेले होते. मग गाडी सुरू करताना म्हणाले, "पोरीचं घर माह्यापासून दोन मिन्टावर आहे. पण चपला सापडेपर्यंत मलेही दहा लागतात जी."

हे सांत्वन होते की टोमणा, ते मी अजून ठरवलेले नाही.

निखिल, सूनबाई आणि इरा देवरावजींच्याच घरी थांबले होते. समारंभ तिथेच होता. बोरन्हाण खरे तर संध्याकाळी करतात. माझ्या परतीच्या विमानासाठी त्यांनी ते दुपारवर आणले होते, शेजारपाजारच्या मुलांना तसे निरोप दिले होते. हा त्यांचा चांगुलपणा होता. मला तो जड गेला.

इरा देवरावजींच्या पायांमागे उभी राहून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत होती. मग तिने त्यांचे धोतर ओढले आणि हळू आवाजात माहिती दिली, "आबा, याइले पाय आहेत."

सर्व हसले. मीही हसलो. फोनवर पाय दिसत नाहीत, त्यामुळे तिचे चुकले असे म्हणता येणार नाही. पण आबा ही हाक मी ऐकली. मला ती आजोबा म्हणते, आणि मागे पनवेलचे असे जोडते. त्यांच्या मागे गावाचे नाव लागत नाही.

न्याहारीला तर्रीपोहे होते. आमचे पोहे ओल्या खोबऱ्याचे, मऊ आणि सोज्वळ असतात. तिथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात. पहिल्या घासाला मला ठसका लागला. इराने पाण्याचा पेला आणून दिला आणि मी पीत असताना तिथेच उभी राहिली. आपण पाजलेले पाणी नीट पोटात जाते की नाही, हे ती पाहत असावी. तो पेला मी सावकाश संपवला.

बोरन्हाण

तिला काळे परकर-पोलके घातले होते. हलव्याचे दागिने विहीणबाईंनी स्वतः घरी केले होते: मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. मीही पनवेलहून एक हार नेला होता. शेजारच्या बाईंकडून करवून घेतला होता आणि प्रवासात तुटू नये म्हणून स्टीलच्या डब्यात रुमालाच्या घडीवर ठेवला होता. इराच्या गळ्यात जागा नव्हती. विहीणबाईंना ते अवघडल्यासारखे झाले. त्या आपला हार काढू लागल्या. मी नको म्हटले. माझा हार इराच्या बाहुलीला घातला गेला आणि बाहुलीच्या पायांपर्यंत आला.

डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि गोळ्या ओतल्या. मुले तुटून पडली. इरा स्वतः पाटावरून उठून मुलांत शिरली, मूठभर बोरे मिळवली आणि थेट देवरावजींच्या सदऱ्याच्या खिशात ती भरली. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. माझ्याही सदऱ्याला खिसा होता.

दोन विस्तव

घरामागे मोकळी जागा आहे. तिथे देवरावजींनी सकाळपासून गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या. ते रोडगे करणार होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजतात, राख झटकून फोडतात आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खातात. त्यांच्यापासून चार हातांवर मी मडके भरले. भांबुर्ड्याच्या वासाने शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी विचारले, हे काय पेटवून राहिले. देवरावजींनी अभिमानाने ओरडून सांगितले की कोकणातून इवाई आले आहेत आणि त्यांच्याकडचे काही तरी करून राहिले आहेत. तो अभिमान मला अपेक्षित नव्हता.

मडके उपडे करून मी पेंढा पेटवला. निखिल शेजारी येऊन उकिडवा बसला. लहानपणी तो असाच बसायचा. हीच वेळ होती. मी त्याला सोमवारची आठवण करून दिली. घर मोठे आहे, वरचा मजला रिकामा आहे, शाळा जवळ आहे, कार्यालय विमानतळाच्या पलीकडेच आहे. जे सांगायचे ठरवले होते ते सर्व सांगितले. शेवटी म्हटले, "ये."

तो काटकीने राख उकरत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हीच म्हणता ना, दीड तास. मग आता अंतर राहिलं कुठं? आम्ही महिन्या-दोन महिन्यांनी येऊ. तुम्ही आजच्यासारखे या. सगळं उचलून यायची गरज तेव्हा होती, जेव्हा लांब होतं."

माप मीच दिले होते. जमीनमालकाने स्वतः दाखवलेल्या खुणेवर नंतर हरकत घेता येत नाही, हे मी किती तरी शेतकऱ्यांना ऐकवले होते.

"ठरलं आहे?" मी विचारले.

"शनिवारीच कळवलं. गेल्या."

म्हणजे मी तिकीट काढले तेव्हाच उत्तर गेले होते. तो उठून पाणी आणायला गेला. पाण्याची गरज नव्हती.

देवरावजींनी हे ऐकले होते. चार हातांवरून ऐकू येतेच. ते रोडगे उलटवत राहिले आणि माझ्याकडे न पाहता बोलले. "तुमचं विमानतळ सुरू झालं न इवाईजी, त्या रोजी मी जेवलो नाही. घरचे म्हणे, काय झालं? मी कोणाले सांगू? वाटलं, आता पोरीले घेऊन जातात हे. पयले बरं होतं. लांब होतं."

माझ्या दीड तासाने त्यांची भूक जावी, हे माझ्या मोजणीत नव्हते. ते कळल्याने माझे दुखणे कमी झाले नाही. मात्र ते एकट्याचे राहिले नाही.

पोपटी झाली की नाही, हे पाहण्याची एक रीत आहे. तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडायचे. थेंब चर्रकन आवाज करून उडाला की शेंगा शिजल्या. मी शिंपडले. थेंब ओघळले. थांबायला हवे होते. पण देवरावजींचे रोडगे फुटायला लागले होते, तुपाची वाटी आली होती, इरा पाट घेऊन त्यांच्यापाशी बसली होती, आणि माझ्या परतीची वेळ जवळ येत होती. मी काठीने मडके आडवे केले.

पाला बाहेरून करपला होता आणि आतून हिरवा होता. मी निवडून एक शेंग सोलली, फुंकली आणि इराच्या हातावर ठेवली. तिने दाणा चावला. बाहेर काढला. तळहातावर ठेवून मला परत दिला.

"आजोबा, हे कच्चं आहे," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मग ती रोडग्याकडे वळली.

"थांबा न जी," देवरावजी म्हणाले. "माह्याकडे इस्तो आहे अजून. भरून ठेवू पुन्हा. अर्ध्या घंट्यात होते."

माझ्याकडे अर्धा घंटा नव्हता. सातशे किलोमीटर दीड तासात ओलांडता येतात, पण वाल त्याच्या वेळेलाच शिजतो. मी हात धुतले.

निघताना इराने विचारले, तुम्ही जेवले नाही, कोठी चालले. मी सांगितले, विमान आहे.

"मंग त्याले सांगा न थांबाले," ती म्हणाली.

परत

विमान वेळेवर सुटले आणि वेळेवर उतरले. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. पायांमध्ये मडके नव्हते, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत हा प्रश्न पडला.

उतरल्यावर फोन सुरू केला. निखिलने छायाचित्र पाठवले होते. इरा देवरावजींच्या मांडीवर बसली होती. दोघांच्या पुढ्यात शेंगांच्या सालींचा ढीग होता आणि तिची हनुवटी काळी झाली होती. खाली देवरावजींच्या आवाजातला निरोप. तो मी सामानाच्या रिकाम्या पट्ट्याशेजारी उभा राहून ऐकला.

"इवाईजी, झाली पोपटी. पोरीनं आम्हाले ठेवलीच नाही. मडकं धुऊन ठेवलं आहे. तो पाला पाठवून द्या न जी पुन्हा, कुरिअरनं. नाही तर झाडच पाठवा, मी लावतो अंगणात."

मी तो निरोप पुन्हा ऐकला. त्यांच्या आवाजात लबाडी शोधली. सापडली नाही. तीच अडचण आहे. वाईट माणूस असता तर मी त्याला केव्हाच माफ केले असते.

कुरिअर पाला दोन दिवसांत पोहोचवील. अंगणात झाड लागले तर कुरिअरही नको. मग पोपटी दर शनिवारी होईल आणि कोणाचीही वाट पाहावी लागणार नाही. पाला मी पाठवणार नाही. नेईन.

पनवेलला परतताना गाडी बाजारात थांबवली. तिथे अश्फाकभाईंचे तिकिटांचे दुकान आहे. आखातात नोकरीला जाणाऱ्या कोकणी मुलांची तिकिटे ते काढतात. मला पाहून म्हणाले, "काय चाचा, या वयात दुबई?"

मी नागपूर म्हटले, आजच सकाळी जाऊन आलो हेही सांगितले. पंधरवड्यानंतरचा शनिवार. त्यांनी जरा निराशेनेच यंत्रावर बोटे चालवली. नागपूरला आपल्याकडून कोण जातंय, असे पुटपुटले. मग विचारले, "वापसी त्याच दिवशीची टाकू ना? आजच्यासारखी?"

"परतीचे टाकू नका."

"नंतर सीट भेटणार नाही, चाचा. मग अडकून पडाल तिकडे."

"पडू द्या," मी म्हटले.

घरी येऊन कुलूप काढले. बळारामाला फोन केला, पाला लागेल असे सांगितले. झाड नको, हेही सांगितले. त्याने कारण विचारले नाही. मग पिशवी उलटी करून अंगणात झटकली, राहिलेला चुरा झाडला आणि पिशवी दाराआडच्या खिळ्याला परत लावली.